‘वराह’, ‘सूकर’ आणि ‘डुक्कर’ : एका प्राण्याच्या तीन नावांची चिकित्सा

१

शब्दांच्या इतिहासाचा विचार हे भाषाशास्त्रज्ञाचे काम आणि शब्दांतून उभ्या राहिलेल्या कृतीचा विचार हे समीक्षकाचे काम, अशी वाटणी आपल्या विद्यापीठीय अभ्यासात रूढ झाली आहे. ही वाटणी सोयीची असली, तरी सर्वत्र उपयोगी पडत नाही. काही शब्द असे असतात, की त्यांचा इतिहास पाहताना समाजाच्या अभिरुचीचा आणि पूर्वग्रहांचा इतिहासही हाती येतो. अशा ठिकाणी शब्दाची चिकित्सा हीच वाङ्मयाची चिकित्सा ठरते. प्रस्तुत लेखात रानडुकराला मराठीने दिलेल्या नावांचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

उदाहरणासाठी बीड जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला आहे. बालाघाटच्या रांगा या जिल्ह्यातून जातात. उत्तरेला गेवराई-माजलगावच्या बाजूस गोदाकाठची काळी जमीन आहे, तर आष्टी-पाटोद्याकडे माळरान व कोरडवाहू शेती आहे. सिंदफणेवरील माजलगाव धरणाच्या पाण्यावर आणि गोदावरीच्या काठाने ऊस वाढला, आणि उसाच्या फडात रानडुकराला आसरा व अन्न या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळू लागल्या. भुईमूग, मका, ज्वारी ही पिकेही त्याच्या तावडीतून सुटत नाहीत. या जिल्ह्यातील शेतकरी आणि ऊसतोडीसाठी दर वर्षी जिल्ह्याबाहेर जाणारा मजूर या प्राण्याला ‘डुक्कर’ म्हणतो. फार तर ‘रानडुक्कर’ म्हणतो. तोच माणूस दशावतारांची नावे घेताना ‘वराह’ म्हणतो, आणि कीर्तनात विषयासक्त जीवाचे वर्णन ऐकताना ‘सूकर’ हा शब्द त्याच्या कानांवर पडतो. प्राणी एकच आहे. परंतु शेतात, देवळात आणि कीर्तनात त्याची तीन नावे आहेत. ही तीन नावे एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत, आणि ती का ठेवता येत नाहीत हाच आपला प्रश्न आहे.

२

प्रथम प्राण्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण नावांच्या चर्चेत नामधारकाचा विसर पडण्याचा धोका असतो. भारतातील रानडुक्कर हे यूरोप-आशियात पसरलेल्या ‘सुस स्क्रोफा’ या जातीची एक उपजाती असून शास्त्रीय परिभाषेत तिला ‘क्रिस्टॅटस’ म्हणजे तुरेवाली असे विशेषण आहे. मानेपासून पाठीपर्यंत उभी राहणारी राठ केसांची आयाळ हे या विशेषणाचे कारण होय. नराचे खालचे सुळे बाहेर व वर वळलेले असतात आणि वरच्या सुळ्यांवर सतत घासले गेल्याने त्यांना धार येते. या सुळ्यांच्या साहाय्याने केलेला त्याचा हल्ला माणसालाच नव्हे, तर वाघालाही भारी पडू शकतो. नाकाडाने जमीन उकरून कंद, मुळे व किडे शोधणे ही त्याची अन्न मिळविण्याची रीत आहे. पाळीव डुक्करही याच जातीपासून माणसाने निर्माण केले. म्हणजे ‘गावडुक्कर’ आणि ‘रानडुक्कर’ यांत प्राणिशास्त्राच्या दृष्टीने फार मोठे अंतर नाही. जे अंतर आहे ते मुख्यतः माणसाने घडविलेले आहे.

संस्कृत कोशकारांनी हा प्राणी नीट पाहिला होता. अमरकोशात त्याला डझनभर नावे दिली आहेत. त्यांतील ‘दंष्ट्री’ हे नाव सुळ्यांवरून, ‘घोणी’ व ‘पोत्री’ ही नाकाडावरून, ‘स्तब्धरोमा’ हे ताठ केसांवरून आणि ‘भूदार’ हे जमीन फोडण्याच्या कृतीवरून पडले आहे. म्हणजे एका प्राण्याचे जवळजवळ संपूर्ण वर्णन या नावांच्या यादीत साठविले आहे. याहूनही लक्षणीय गोष्ट म्हणजे या यादीचे स्थान. ती ‘सिंहादिवर्गा’त येते आणि सिंह, वाघ, तरस यांच्या पाठोपाठ येते. कोशकाराच्या दृष्टीने हा प्राणी वनातील बलवानांच्या पंक्तीत बसणारा आहे. त्याच यादीत ‘वराह’ आणि ‘सूकर’ हे शब्द एकमेकांना लागून आले आहेत. त्यांच्यात श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद कोशकाराने सुचविलेला नाही.

वेदकाळातही असा भेद दिसत नाही. ‘वराह’ आणि ‘सूकर’ हे दोन्ही शब्द ऋग्वेदात आले आहेत. ‘वराह’ हा शब्द तेथे रुद्राला उद्देशून योजला आहे आणि त्याचा सगोत्र शब्द अवेस्तेतही मिळतो. फारसीतील ‘गुराज’ हा त्याच कुळातला आहे. ‘सूकर’ या शब्दाचे मूळ त्याहूनही दूरवर पोचते. त्यातील ‘सू’ या अंशाशी लॅटिनमधील ‘सुस’ या शब्दाचे नाते तौलनिक भाषाशास्त्राने मान्य केले आहे. ‘सू असा आवाज करणारा तो सूकर’ ही परंपरागत फोड त्या मूळ अंशाचा अर्थ विसरल्यावर केलेली असावी. तात्पर्य, दोन्ही नावांचे कुल प्राचीन आहे. कुळावरून एकाला उच्च आणि दुसऱ्याला नीच ठरविण्यास काही आधार नाही.

३

आता ‘डुक्कर’ या शब्दाकडे वळू. हा शब्द ‘सूकर’ याचाच अपभ्रंश आहे असे सहज म्हटले जाते; परंतु ध्वनिनियमांच्या दृष्टीने हे मत टिकत नाही. दोन स्वरांमधला ‘क’ प्राकृतात लोप पावतो. त्यामुळे ‘सूकर’ याचे ‘सूअर’ होणे स्वाभाविक आहे, आणि हिंदीत तसे झालेही आहे. मराठीत मात्र ‘क’ लोपला तर नाहीच, उलट त्याचे द्वित्व झाले आहे. आरंभीच्या ‘स’चा ‘ड’ होण्यासही नियमित मार्ग नाही. यावरून ‘डुक्कर’ हा शब्द ‘सूकर’ या शब्दाच्या सरळ वंशातला नसून ध्वन्यनुकारी किंवा देशी अंगाने घडलेला असावा, आणि फार तर ‘सूकर’च्या शेवटच्या ‘कर’ने त्याच्या घडणीस वळण दिले असावे, असे अनुमान करणे अधिक सयुक्तिक होईल. गुजरातीत हाच शब्द ‘डुक्कर’ असा आणि कोंकणीत दंत्य ‘द’ने सुरू होणारा ‘दुकर’ असा आढळतो. म्हणजे हा पश्चिम भारतातील भाषांचा एकत्रित ठेवा आहे; तो एकट्या मराठीचा ग्राम्य प्रमाद नव्हे.

या शब्दाच्या मराठीतील रूपांतही काही बोलके विशेष आहेत. सरळरूपात ‘डुक्कर’ असा द्वित्वयुक्त उच्चार असतो, पण सामान्यरूपात द्वित्व जाऊन ‘डुकराला, डुकराने’ अशी रूपे होतात. लिंगाच्या बाबतीत ‘ते डुक्कर’ असे नपुंसकलिंग सामान्यतः वापरले जाते. नर निर्दिष्ट करावयाचा असेल तर ‘तो डुक्कर’ आणि मादी असेल तर ‘डुकरीण’ असे म्हटले जाते. याउलट ‘वराह’ हा शब्द मराठीत पुल्लिंगीच आहे. ‘वराहाने पृथ्वी उचलली’ असे आपण म्हणतो. ‘डुकराने भुईमूग उकरला’ असेही म्हणतो. दोन्ही वाक्यांतील क्रिया वस्तुतः एकच आहे. नाकाड व सुळे जमिनीखाली घालून ती वर उचलणे हीच ती क्रिया. वराहावताराची कल्पना ज्या कुणाच्या मनात प्रथम आली, त्याने उकरलेले शेत नक्कीच पाहिले असले पाहिजे. परंतु मराठी वाक्यांत ही दोन दृश्ये एकमेकांजवळ येत नाहीत, कारण दोन शब्दांनी त्यांच्यामध्ये भिंत घातली आहे.

४

ही भिंत कशी उभी राहिली याचा मागोवा घेतला पाहिजे. ‘वराह’ या शब्दाला दक्षिणेत राजप्रतिष्ठा होती. बदामीच्या चालुक्यांचे लांछन वराह हे होते, आणि पुढे विजयनगरच्या सुवर्णनाण्यालाही ‘वराह’ हेच नाव मिळाले. शिल्पातही हा प्राणी मानाने आला आहे. वेरूळच्या चौदाव्या लेण्यात आणि बदामीच्या लेण्यांत नृवराहाची जी शिल्पे आहेत, त्यांत मानवी देहावर नाकाड व सुळे यांसह खरे रानडुकराचे मुख बसविलेले आहे. शिल्पकाराला प्राण्याची लाज वाटलेली नाही. मूर्तीचे सामर्थ्य त्या मुखातच आहे, हे त्याने ओळखले होते. मराठीत मात्र ‘वराह’ या शब्दाचे नाकाड हळूहळू झिजून गेले. वराहमिहिर हे व्यक्तिनाम, वराहपुराण हे ग्रंथनाम, वराहजयंती हा तिथिविशेष, अशा ठिकाणीच तो शब्द उरला. आज तो ऐकताना मराठी माणसाच्या मनात प्राणी उभा राहतो असे म्हणणे धाडसाचे होईल. दगडाने जे राखले ते शब्दाने गमावले.

‘सूकर’ या शब्दाची गत निराळी झाली. संतवाङ्मयात आणि त्या परंपरेतील कीर्तनात ‘श्वान-सूकर’ हा जोड-शब्द विषयलोलुप, अमंगळ जिण्याचा वाचक म्हणून रूढ झाला. येथेही प्राण्याचे निरीक्षण मागे पडले. जो प्राणी कोशात सिंह-वाघांच्या शेजारी होता, तो उपदेशात कुत्र्याच्या शेजारी गेला. वनातील सूकराऐवजी गावकुसाजवळच्या उकिरड्यावरील सूकर हा दृष्टान्ताचा आधार झाला, हेच या बदलाचे कारण दिसते.

‘डुक्कर’ हा शब्द या दोहोंनंतर उरलेली सर्व कामे करीत राहिला. शेतातील उपद्रव, गावातील घाण, शिवी आणि आहार या साऱ्यांचा भार त्याने वाहिला. तथापि या शब्दाने मराठीला जो जिवंतपणा दिला, त्याची नोंद क्वचितच घेतली जाते. ‘मुसंडी’ हा शब्द पाहावा. नाकाड पुढे करून डुकराने मारलेली धडक ती मुसंडी. आज वर्तमानपत्रांत एखाद्या संघाने किंवा पक्षाने ‘मुसंडी मारली’ असे कौतुकाने लिहिले जाते, तेव्हा या कौतुकाचा मूळ मानकरी कोण हे लेखकाच्या ध्यानात नसते. अमरकोशातील ‘घोणी’ व ‘भूदार’ या नावांमागचे निरीक्षण मराठीने या एका शब्दात टिकवून धरले आहे. वनस्पतींच्या नावांतही ही दुहेरी चाल दिसते. एकाच कंदाला वैद्यकाच्या ग्रंथात ‘वाराहीकंद’ म्हणतात आणि रानात ‘डुक्करकंद’ म्हणतात. ग्रंथातील नावाला प्रतिष्ठा असली, तरी कंद ओळखून खणून आणणाऱ्याच्या तोंडी दुसरेच नाव असते.

मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. त्या एका राज्यात या प्राण्याला मराठीत ‘डुक्कर’, कन्नडमध्ये ‘हंदि’, तेलुगूत ‘पंदि’ आणि उर्दू-दखनीत ‘सुअर’ अशी चार नावे चालत होती. दखनीच्या सहवासाने ‘सुव्वर’ ही शिवी मराठवाड्याच्या बोलीत रुळली. म्हणजे ज्या ‘सूकर’ शब्दाचे नियमित प्राकृत रूप मराठीने स्वतः घडविले नव्हते, ते शेजारच्या भाषेतून आले आणि आले तेही शिवीच्या रूपाने.

५

यावर असा आक्षेप घेता येईल, की एका वस्तूला अनेक शब्द असणे आणि त्यांची क्षेत्रे वेगवेगळी असणे ही भाषेची समृद्धी आहे. तीत दोष शोधण्याचे कारण काय? आक्षेप विचारार्ह आहे; म्हणून त्याची कसोटी घेतली पाहिजे. मराठीत ‘अश्व’ व ‘घोडा’, ‘गज’ व ‘हत्ती’, ‘व्याघ्र’ व ‘वाघ’, ‘सर्प’ व ‘साप’ अशा अनेक जोड्या आहेत. या जोड्यांत तत्सम शब्द ग्रांथिक आणि तद्भव वा देशी शब्द बोलीतला, एवढाच फरक असतो. ‘वाघ’ म्हटल्याने वाघाचा मान कमी होत नाही; उलट शूर माणसाला आपण ‘वाघ’च म्हणतो, ‘व्याघ्र’ म्हणत नाही. देवाच्या वाहनाला ‘घोडा’ म्हटल्याने देवाचा उपमर्द होत नाही, आणि खंडोबाचे भक्त तसे म्हणतातही. हीच कसोटी ‘वराह-डुक्कर’ या जोडीला लावली, की ती फुटते. अवताराचे नाव ‘डुक्कर’ या शब्दाने सांगितले तर ते श्रोत्याला विटंबना वाटेल. आणि शेतातल्या प्राण्याला ‘वराह’ म्हटले तर ते विनोदी वाटेल. म्हणजे येथील भेद भाषेच्या थराचा नाही, तो मूल्याचा आहे. शब्दांनी वस्तूचे दोन पैलू दाखविलेले नाहीत. त्यांनी एका वस्तूच्या दोन वस्तू केल्या आहेत.

याला एक अपवाद आहे आणि तो उद्बोधक आहे. ‘रानडुक्कर’ हा शब्द सहसा शिवी म्हणून वापरला जात नाही. ‘रान’ हा उपसर्गासारखा शब्द लागताच प्राण्याची प्रतिष्ठा काही अंशी परत येते. घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करणे हा इंग्रज अधिकाऱ्यांचा मानाचा खेळ होता, आणि त्या शिकारीच्या वर्णनांत प्राण्याच्या धैर्याची स्तुती असते. मग ‘डुक्कर’ या शब्दाला चिकटलेली घृणा प्राण्याची नव्हे, तर गावातील त्याच्या स्थानाची आहे, हे उघड होते. गावाने टाकलेली घाण खाऊन जगणारा प्राणी आणि त्याला पाळणारी माणसे यांच्याकडे पाहण्याची जी दृष्टी, तीच या शब्दात उतरली आहे. येथे शब्दाचा प्रश्न हा माणसांचा प्रश्न होतो.

६

या ठिकाणी चौथ्या शब्दाचा विचार अपरिहार्य ठरतो. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा मराठी चित्रपट २०१३ मध्ये पूर्ण झाला व २०१४ च्या फेब्रुवारीत चित्रगृहांत आला. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. ‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ डुक्कर असा आहे. चित्रपटाविषयी सामाजिक अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. शीर्षकाच्या शब्दाकडे मात्र भाषेच्या अंगाने फारसे लक्ष गेलेले नाही.

कैकाडी ही द्राविड कुळातील, तमिळशी निकटचे नाते असलेली बोली आहे. तमिळमध्ये डुकराला जो शब्द आहे, त्याचा उच्चार साधारणपणे ‘पन्‌ड्री’ असा होतो. तेलुगूत ‘पंदि’ आणि कन्नडमध्ये ‘हंदि’ अशी रूपे आहेत. तेलुगू व कन्नड यांनी शब्दातील ‘र’कारयुक्त जोडाक्षर सोपे केले, कैकाडीने तमिळप्रमाणे ते राखले. दुसऱ्या बाजूने, कन्नडमध्ये मध्ययुगात शब्दारंभीच्या ‘प’चा ‘ह’ झाला, हे प्रसिद्ध आहे. कैकाडीतील ‘फ’ हा या दोन टोकांच्या मधल्या पायरीवर उभा असल्यासारखा दिसतो. म्हणजे जो शब्द मराठी प्रेक्षकाला अपरिचित, काहीसा ओबडधोबड वाटतो, तो दक्षिण भारतातील एका फार जुन्या शब्दकुळाचा साक्षीदार आहे. ‘वराह’ या शब्दाला अवेस्तेपर्यंतची वंशावळ असेल, तर ‘फँड्री’लाही स्वतःची तितकीच अभ्यसनीय वंशावळ आहे. पहिली आपण पाठ्यपुस्तकांत शिकवितो. दुसरीचा आपल्याला पत्ताही नसतो.

चित्रपटात या शब्दाचे जे होते, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कचरू माने याच्या घरी, त्याच्या माणसांच्या बोलण्यात, ‘फँड्री’ हे एका प्राण्याचे साधे नाव आहे. गावच्या जत्रेत डुकरांचा विटाळ होऊ नये म्हणून ती पकडण्याचे काम याच कुटुंबावर पडते. शाळेत शिकणाऱ्या जब्याला, आपल्या वर्गमित्रांच्या देखत, आईबापांबरोबर डुकरामागे धावावे लागते. मध्येच शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि सारे कुटुंब आहे तेथे स्तब्ध उभे राहते. पाहणाऱ्यांच्या तोंडी मात्र ‘फँड्री’ हा शब्द प्राण्यावरून उचलून मुलावर फेकला जातो. अखेरीस जब्या जो दगड भिरकावतो, त्याचा रोख प्रेक्षकाकडे आहे, हे अनेकांनी नोंदविले आहे. आपल्याला त्यात आणखी एक गोष्ट जोडता येईल. तो दगड भिरकावला जातो तो आपल्याच घरचा शब्द परका होऊन अंगावर आल्यानंतर. शब्द बदलला नाही, उच्चारही बदलला नाही. बोलणारे तोंड बदलले आणि नावाची शिवी झाली.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. अपमान शब्दाच्या अक्षरांत साठविलेला नसतो. तो बोलणारा आणि ऐकणारा यांच्या संबंधांत असतो. मग ‘डुक्कर’ या शब्दाच्या जागी ‘वराह’ योजल्याने काही शुद्धी होईल, अशी आशा करणे व्यर्थ आहे. शब्दाला सोवळे नेसविल्याने माणसाचे ओवळे फिटत नाही. उलट, प्रतिष्ठित शब्द देवळासाठी राखून ठेवण्याच्या सवयीमुळेच साधा शब्द अप्रतिष्ठित झाला आहे.

७

शासकीय आणि शास्त्रीय परिभाषेकडे पाहिले असता याच प्रश्नाचे दुसरे अंग दिसते. महाराष्ट्रात वन्य प्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीबद्दल शेतकऱ्याला भरपाई देण्याची योजना आहे. तिच्याशी संबंधित शासन निर्णयांत प्राण्यांची यादी येते. तीत ‘रानडुक्कर’, ‘रोही’, ‘गवा’, ‘माकड’, ‘वानर’ अशी बोलीतली नावे आहेत. हरणाच्या पुढे मात्र कंसात ‘सारंग’ व ‘कुरंग’ असे शब्द घातले आहेत. ‘काळवीट’ हा शब्द ज्याच्या तोंडी आहे अशा आष्टी-पाटोद्याच्या शेतकऱ्याला ‘सारंग’ म्हणजे कोण, हे विचारावे लागते. हरणाला काव्यातील नाव मिळाले आणि डुकराला शेतातील नाव मिळाले. परंतु या निवडीतला लाभ डुकराच्याच बाजूला आहे, असे म्हणावे लागेल. कारण अर्ज लिहिणाऱ्याला आणि पंचनामा करणाऱ्याला ‘रानडुक्कर’ या शब्दाचा अर्थ सारखाच कळतो. व्यवहाराच्या परिभाषेत स्पष्टता हाच अलंकार होय. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली, ते दुसऱ्या अनुसूचीत गेले. संरक्षण आणि नुकसान यांच्यातील ताण ज्यांना सोसावा लागतो, त्यांना कायद्याचा अर्थ आपल्या भाषेत कळणे ही चैनीची बाब नाही.

परदेशी प्राण्यांच्या नावांतही हा प्रश्न उद्भवतो. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर व जवळच्या काही बेटांवर एक सुळेदार रानडुक्कर आढळते. त्याच्या नराचे वरचे सुळे खाली न वळता नाकाडाची कातडी भेदून वर येतात आणि कपाळाकडे वळतात. मलय भाषेत त्याला ‘बाबिरुसा’ म्हणतात. ‘बाबी’ म्हणजे डुक्कर आणि ‘रुसा’ म्हणजे हरीण. शिंगांसारख्या दिसणाऱ्या सुळ्यांवरून हे नाव पडले असावे. लिनीअसने १७५८ मध्ये हाच स्थानिक शब्द शास्त्रीय नावात स्वीकारला, आणि आपल्या सांबराच्या शास्त्रीय नावातही आज ‘रुसा’ हा मलय शब्द विराजमान आहे. सुलावेसीच्या गुहांत या प्राण्याचे जे चित्र सापडले, ते किमान ३५,००० वर्षांपूर्वीचे असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘बाबी’ हा शब्द मलयभाषी प्रदेशात शिवी म्हणूनही चालतो. तरी त्याला शास्त्रात प्रवेश मिळण्यास अडचण आली नाही.

या प्राण्याला मराठीत काय म्हणावे? आपल्या परिभाषाकारांच्या सवयीप्रमाणे कोणी ‘मृगवराह’ असा समास सुचवील. ऐकावयास तो भारदस्त आहे. पण ‘मृग’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ कोणतेही वन्य जनावर असा असल्याने ‘मृगवराह’ म्हणजे जवळजवळ ‘रानडुक्कर’च होईल, आणि नवीन शब्दाने नवीन काहीच सांगितले जाणार नाही. शिवाय ‘वराह’ या शब्दात प्राणी दिसेनासा झाला आहे, हे आपण पाहिलेच आहे. तेव्हा ‘बाबिरुसा’ हे मूळ नाव ठेवून ‘हरिणडुक्कर’ असा खुलासा करणे हाच सरळ मार्ग होय. ज्या लोकांनी प्राणी पाहिला त्यांनी दिलेले नाव, आणि ज्या लोकांना तो समजून घ्यावयाचा आहे त्यांच्या तोंडचा शब्द, या दोहोंचा मान त्यात राहतो.

८

आपल्या कोशांची वर्णानुक्रम-पद्धती या चिकित्सेला काहीशी प्रतिकूल आहे. मोल्सवर्थच्या कोशापासून (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंत (१९३२–३८) हीच पद्धती आहे. तिच्यात ‘डुक्कर’, ‘वराह’ व ‘सूकर’ हे शब्द एकमेकांपासून शेकडो पृष्ठे दूर पडतात, आणि ‘मुसंडी’ तर आणखी वेगळ्याच ठिकाणी जाते. शब्द शोधणाऱ्याला ही पद्धती सोयीची आहे. पण शब्दांमधील नाते तीत अदृश्य होते. अमरकोशाच्या वर्गपद्धतीत हे नाते वाचकाच्या डोळ्यांसमोर राहत असे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी अरण्यातील शब्द तेथील माणसांच्या तोंडून वेचले आणि पक्ष्यांचा व प्राण्यांचा स्वतंत्र कोश मराठीला दिला, याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. प्राण्याच्या नावापाशी ते नाव देणाऱ्या माणसालाही जागा मिळाली पाहिजे, ही दृष्टी त्या कामात आहे.

मराठवाड्यातील पदव्युत्तर अभ्यासकांना या दिशेने पुष्कळ करण्याजोगे आहे. बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांत रानडुकराच्या वयाला, कळपाला, खुराच्या ठशाला, उकरलेल्या जागेला आणि राखणीच्या साधनांना कोणते शब्द आहेत. कैकाडी, वडार, पारधी इत्यादी समाजांच्या बोलींत या प्राण्याची कोणती नावे आहेत आणि कुणासमोर ती उच्चारली जातात वा टाळली जातात, याची पद्धतशीर नोंद व्हावयास हवी. ऊसतोड मजुरांबरोबर हे शब्द जिल्ह्याबाहेर जातात आणि परत येताना दुसरे शब्द घेऊन येतात. या देवघेवीचाही शोध घेता येईल. ज्या बोली घरातील पुढच्या पिढीच्या तोंडून लोपत आहेत, त्यांच्याबाबतीत हे काम लांबणीवर टाकता येणार नाही.

एवढ्या विवेचनाचा अर्थ ‘वराह’ हा शब्द टाकून द्यावा असा नाही. तो आपल्या शिल्पाचा, पुराणाचा आणि इतिहासाचा शब्द आहे. तो तेथे राहीलच. मागणी इतकीच आहे, की शास्त्रीय, वैचारिक आणि ललित गद्यात प्राण्याविषयी लिहिताना ‘डुक्कर’ आणि ‘रानडुक्कर’ हे शब्द निःसंकोचपणे योजावेत. त्यांची लाज वाटून तत्सम शब्दाच्या आडोशाला जाऊ नये. आपण ज्या शब्दाची लाज बाळगतो, तो शब्द ज्यांच्या उपजीविकेचा आहे त्यांचीही लाज बाळगत असतो. वेरूळच्या शिल्पकाराने देवाच्या खांद्यावर रानडुकराचे मुख बसविताना ते कोरण्यात कसूर केली नाही. गद्यलेखकाने त्याच्याकडून एवढे तरी शिकावे.